इनास मास्तरांचा हात

गिटार सरळ धरलेली दिसली की मला अजूनही ती उलटीच वाटते. परवा नातू नवी गिटार घेऊन आला आणि तिची दांडी डाव्या हातात धरून बसला. माझ्या तोंडून निघून गेलं, "अरे, बाजू बदल." पोराने आईकडे पाहिलं, आईने माझ्याकडे पाहिलं आणि दोघांनी मिळून विषय बदलला. म्हाताऱ्या माणसाला सांभाळून घेण्याची ही पद्धत मला आता चांगली ओळखता येते.

पण मी तरी काय करणार? आयुष्यातली पहिली गिटार मी पाहिली ती नंदाखालला, इनास मास्तरांच्या ओटीवर, आणि तिची दांडी मास्तरांच्या उजव्या हातात होती. डाव्या हाताने ते तारा छेडायचे. त्यांचे शिष्यही सगळे तसेच. मी पडलो चांदीपचा, भातशेतीतला. आमच्याकडे ढोलकी, फार तर लांबून ऐकू आलेला तारपा. गिटार अशी धरत नाहीत अशी शंका यायला आधी दुसरी एखादी गिटार पाहिलेली हवी ना.

नंदाखालच्या शाळेत माझी नेमणूक झाली तेव्हा दारूबंदी नवीन होती. गाव ख्रिस्ती बागायतदारांचं. केळी, नारळ आणि पानवेली यांच्या सावलीत सगळी घरं. इनास मास्तरांनी आपल्या घरातली कडेची खोली मला भाड्याने दिली. एका घरात दोन मास्तर झाले, तेव्हा गावाने वाटणी करून टाकली: ते मास्तर आणि मी गुरुजी. घरात ती माणसं आपल्या बोलीत बोलत, त्यातलं निम्मं माझ्या डोक्यावरून जाई. माझ्याशी बोलताना मास्तर मुंबईची मराठी बाहेर काढत, पण घरचं 'हाय' आणि 'नाय' तिला चिकटून यायचंच.

फोर्टातल्या एका बड्या हॉटेलात त्यांचं तारुण्य गेलं होतं. तिथे रोज संध्याकाळी बँड वाजायचा आणि साहेबलोक नाचायचे. दारूबंदी आली, हॉटेलाची रया गेली, बँड मोडला, आणि पन्नाशीला टेकलेले मास्तर एक ट्रंक आणि एक गिटार घेऊन गावी परतले. "उमर बँडबरोबर काढली," एवढंच ते सांगत. पुढचं गावाने जुळवून घेतलं. गिटार येते, पांढरा कोट आहे, म्हणजे इनास बँडमध्ये गिटार वाजवायचा, हे ठरून गेलं. मास्तर त्यावर हो म्हणाले नाहीत आणि नाहीही म्हणाले नाहीत.

तो पांढरा कोट रविवारी मिस्साला जाताना त्यांच्या अंगावर असे. गळ्यापर्यंत बंद, पितळी बटणांचा. चालायचे असे ताठ की डोक्यावर कोणीतरी भरलेलं ताट ठेवलंय आणि ते सांडता कामा नये. घरी चहा झाला की माझा कप ते स्वतः घेऊन येत. डाव्या मनगटावर पंचा, कपात चहा काठोकाठ आणि बशी कोरडी. मी संकोचून म्हणायचो की मास्तर, मी आत येऊन घेतला असता. त्यावर ते किंचित वाकत आणि मागे सरत. दुसरी एक सवय त्यांना काही केल्या सुटत नव्हती. ओटीवर कोणी आलं की ते उठून उभे राहत. फादर आले तर ठीक, पण केळीची पानं मागायला आलेल्या शेजारणीसाठीही हा माणूस उभा राही आणि ती जाईपर्यंत बसत नसे. मला ती मुंबईची रीतभात वाटायची. शिक्षक असून माणूस वाचण्यात मी किती ढ होतो हे नंतर कळलं.

संध्याकाळी शिष्य जमत. बस्त्याव, बावतीस आणि आणखी तीनचार जण, सगळे विशी-पंचविशीचे, दिवसभर वाडीत राबून आलेले. केळीच्या चिकाने त्यांची बोटं काळी झालेली असत. मास्तर आधी हात हुंगून बघत आणि चीक राहिला असेल तर परत विहिरीवर पाठवत. मीही करमणूक म्हणून त्यांच्यात जाऊन बसलो. गिटारी सगळ्यांना पुरत नव्हत्या, म्हणून मास्तरांनी आंब्याच्या फळीवर मासेमारीच्या दोऱ्याच्या सहा तारा ताणून आणि आडव्या रेघा कोरून मुक्या फळ्या केल्या होत्या. माझ्या नशिबी बरेच महिने ती फळीच होती. आवाज येत नसल्यामुळे माझी प्रगती चांगली चालली आहे असं मला वाटे.

त्यांची शिकवणी आकारांची होती. दांडीवरच्या दोन पट्ट्यांमधल्या जागेला ते घर म्हणत. पहिलं बोट सहाही तारांवर आडवं टाकायचं, तो वासा. बाकीची तीन बोटं वाशाला धरून ठरल्या जागी बसवायची, की झालं मोठं छप्पर. आता बोटं जराही न मोडता अख्खा हात दोन घरं वर सरकवायचा. आकार तोच, पण सूर वेगळा. पुन्हा सरकवा, तिसराच सूर. "घर बदला, हात बदलू नका," असं ते दिवसातून कितीदा म्हणत कोण जाणे. मग लहान छप्पर, मग एक बोट उचललेलं रडकं छप्पर. इंग्रजी नावं त्यांनी कधी सांगितली नाहीत. आम्ही वाजवायला लागलो की ते समोर उभे राहून आमच्या बोटांकडे बघत. ऐकण्यापेक्षा बघतच जास्त. डोळे मिटून ऐकताना मी त्यांना पाहिलं नाही.

मात्र ते स्वतः वाजवून दाखवायला बसले की कोणी समोर बसायचं नाही, असा सक्त नियम होता. बाकावर त्यांच्या शेजारी बसायचं आणि तिथून हात बघायचा. एकदा मी विचारलं की समोरून बघितलं तर काय बिघडतं. ते तार पिळत होते, ते काम त्यांनी थांबवलं. "समोरनं फसायला होतं, गुरुजी," एवढंच म्हणाले आणि पुन्हा खुंटीकडे वळले.

कुणी मुंबईहून जुनी गिटार घेऊन आला की मास्तर पहिल्यांदा तिच्या सगळ्या तारा काढत आणि उलट क्रमाने लावत. दुकानदारांना अक्कल नसते, ते चुकीच्या लावून देतात, असं त्यांचं म्हणणं. आम्हांला ते पटे. एका नाताळात बावतीसने एक विलायती कॅलेंडर आणलं. त्यावर गिटार घेतलेली एक मडम होती आणि तिने दांडी डाव्या हातात धरली होती. बावतीसने ते मोठ्या कौतुकाने मास्तरांपुढे धरलं आणि विचारलं की ही अशी का धरते. मास्तरांनी चित्र हातात घेतलं, उजेडात नेलं, बराच वेळ पाहिलं. मग म्हणाले की छापखान्यात काच उलटी लागली असणार, असं होतं कधीकधी. आम्ही हसलो. मडमेच्या कपाळी उलटं येणं आलं म्हणून तिची कीव केली. त्या संध्याकाळी मास्तरांनी डोकं दुखतंय म्हणून शिकवणी लवकर उरकली आणि ते कॅलेंडर दुसऱ्या दिवशी गुरांच्या गोठ्यात, दाराच्या मागे टांगलेलं मला दिसलं.

त्याच वर्षी त्यांच्या मुलीचं, रोजीचं लग्न ठरलं. स्थळ वांद्र्याचं, नोकरदार, आपल्याहून वरचढ. वरपक्षाने सांगून पाठवलं की वाजवणारे आम्ही घेऊन येऊ. मास्तर आयुष्यात कुणाच्या शब्दाबाहेर गेलेले नव्हते, पण इथे अडून बसले. माझ्या दारात माझे शिष्य वाजवतील, मग तुमचे लोक खुशाल वाजवोत, असा निरोप त्यांनी उलट पाठवला. त्यानंतर दोन महिने त्या ओटीवर छपरांचा नुसता कारखाना चालला होता. मलाही फळीवरून बढती मिळून खरी गिटार हाती आली. कोपऱ्यात बसायचं आणि तीनच घरांत हिंडायचं या अटीवर. मास्तर रात्री नीट जेवत नसत. एकदा रोजीने मला बाजूला घेऊन सांगितलं की गुरुजी, बाबांना म्हणावं एवढा जीव काढू नका, वांद्र्याच्या माणसांना आवडलं काय नि नाही काय. मी ते त्यांना सांगितलं. ते म्हणाले, "तिथं पोरीला कोनी विचारलं, तुझा बाप कोन, तर तिला सांगता आलं पाहिजे."

लग्नाच्या दिवशी अंगणात मांडव घातला होता. लाल लुगड्यांतल्या बायका एका बाजूला आणि वांद्र्याची सुटाबुटातली मंडळी दुसऱ्या बाजूला. ग्लासांत सरबत होतं, निदान पहिल्या रांगेतल्या ग्लासांत तरी. आम्ही ओळीने खुर्च्यांवर बसलो. पांढरा कोट घातलेले मास्तर आमच्या समोर उभे राहिले, आणि आम्ही वाजवलं. खोटं कशाला सांगू, छान वाजलं. बस्त्यावचा हात वरच्या घरात गेला तसे आम्ही सगळे एकदम गेलो, एकही बोट मागे राहिलं नाही. मास्तरांच्या डोळ्यांत पाणी आलं होतं. लोकांनी टाळ्या वाजवल्या.

तेव्हा नवऱ्या मुलाचे मोठे काका पुढे आले. गॉडफ्री त्यांचं नाव. पिकल्या केसांचा, हसऱ्या चेहऱ्याचा माणूस. जन्मभर मुंबईच्या बँडांतून गिटार वाजवलेला. त्यांनी बस्त्यावची पाठ थोपटली आणि विचारलं की इथे सगळेच डावखुरे कसे, गावच्या पाण्यात काही आहे का. मांडवात हशा पिकला. आम्हीही हसलो, कारण आम्हांला काहीच कळलं नव्हतं. मग त्यांनी बस्त्यावची गिटार मागून घेतली, सवयीने दांडी डाव्या हातात धरली आणि एक हात मारला. भलतंच काहीतरी वाजलं. त्यांनी तारांकडे निरखून पाहिलं आणि मोठ्याने हसत म्हणाले की याच्या तारासुद्धा उलट्या आहेत. पुन्हा हशा झाला. आता आम्ही हसलो नाही.

माणूस वाईट नव्हता. सहज, आपल्या धंद्यातला सोबती भेटल्याच्या आनंदात त्यांनी मास्तरांना विचारलं, "तुम्ही फोर्टातल्या त्या हॉटेलात होता ना? मी तिथे कितीदा बदलीवर वाजवलंय. तुम्ही कुठल्या बाजूला बसायचा?"

मास्तरांचा हात कोटाच्या गळ्याच्या बटणाकडे गेला. बस्त्यावला ते सहन झालं नाही. तो उठला आणि म्हणाला की आमचे मास्तर डावखुरे आहेत, म्हणून आम्ही तसे. एवढ्यावर भागलंही असतं. पण अख्ख्या गावाने त्या माणसाला उजव्या हाताने क्रुसाची खूण करताना, उजव्या हाताने कोयता चालवताना पाहिलेलं होतं. एकेक मान खाली जायला लागली.

"नाय," मास्तर म्हणाले. "मी डावखुरा नाय. आणि मी बसत नव्हतो, साहेब. मी उभा असायचो. समोर, ट्रे घेऊन."

तेवढं बोलून त्यांनी बाजूच्या टेबलावरचा सरबताचा ट्रे उचलला, मनगटावर पंचा टाकला आणि ताठ मानेने वांद्र्याच्या पाहुण्यांच्या रांगेतून फिरायला लागले. एक थेंब सांडला नाही. लग्नाच्या वेषातली रोजी उठून धावत आली आणि तिने ट्रेची दुसरी कड धरली. ते सोडेनात, ती सोडेना. बाप आणि लेक एक ट्रे धरून तसेच उभे राहिले. गॉडफ्रींचा चेहरा पांढराफटक पडला होता. आपण काय विचारून बसलो हे त्यांच्या उशिरा लक्षात आलं होतं. आम्ही वादक मंडळींनी गिटारी पायांशी ठेवल्या. मला कुठे बघावं ते कळत नव्हतं. माझी स्वतःची अब्रू गेली असती तरी इतकी लाज वाटली नसती.

त्या रात्री मोनीबाय, मास्तरांची बायको, माझं जेवण घेऊन खोलीत आली. मी न राहवून विचारलं की तुम्हांला हे माहीत होतं का. ती म्हणाली, "कोट मी धुतलाय ना, गुरुजी. बँडवाल्याच्या कोटावर रश्शाचे डाग पडत नायत."

पुढचं हळूहळू कळलं, थोडं तिच्याकडून आणि थोडं मास्तरांकडून. रोज संध्याकाळी ट्रे घेऊन उभं असताना ते बँडच्या गिटारवाल्याचा हात बघायचे. ऐकायला गोंगाटात फारसं येत नसे, म्हणून आकार डोळ्यांनी पाठ करायचे आणि रात्री खोलीवर एका जुन्या गिटारीवर ते उतरवायचे. समोरून जसं दिसलं तसं. आपण आरशातलं शिकतोय हे लक्षात यायला काही वर्षं गेली, आणि तोवर बोटं घडून गेली होती. गावात परतल्यावर पहिल्याच दिवशी सांगितलं असतं तर लोक चार दिवस हसले असते आणि विसरले असते. पण पहिल्या दिवशी जमलं नाही, आणि नंतर रोजच्या रोज ते अवघड होत गेलं. म्हणून शिष्यांना शेजारी बसवायचं आणि मडमेला गोठ्यात टांगायचं.

गाव तसं प्रेमळ, पण टवाळी कोणत्या गावाला सुटली आहे? एका रविवारी मिस्सा सुटल्यावर चर्चच्या आवारात कुणीतरी छत्री उलट्या गिटारीसारखी धरून तिच्यावर डावा हात फिरवला. मास्तरांनी पाहिलं. त्यांनी दोन्ही हात कोटाच्या खिशांत घातले आणि घरी येईपर्यंत बाहेर काढले नाहीत. त्यानंतर तो कोट ट्रंकेत गेला.

शिकवणी बंद पडली. महिन्याभराने मास्तरांनीच सगळ्यांना निरोप धाडले. आम्ही जमलो तेव्हा ते ओटीवर पक्कड घेऊन बसले होते. प्रत्येकाची गिटार घेऊन ते तारा काढायला लागले, आणि आता सरळ क्रमाने लावायला लागले. बस्त्याव चिडला. म्हणाला, मास्तर, आमचं चांगलं वाजतंय, आम्हांला नाही बदलायचं, जगाला काय म्हणायचं ते म्हणू दे. मास्तर हातातलं काम न थांबवता म्हणाले, "जगाचं सोड. उद्या मुंबईत कोनी तुझा हात बघून विचारील, कुठं शिकलास. तेव्हा तुला माझ्यासारखं उभं राहायला लागू नये."

पोरं तरुण होती. सगळं मागे टाकून नव्याने शिकली, वर्षभरात सरावली. बस्त्याव तर वांद्र्याला गॉडफ्रींकडे जायला लागला आणि पुढे बँडमध्ये बसला. मास्तरही त्यांच्याबरोबर नव्याने शिकायला बसत. डाव्या हाताची कोवळी बोटं तारांवर दाबत, सोलवटून घेत, पण वासा काही धड पडेना. शिष्य तेव्हा दुसरीकडे बघत. कधी बावतीस सांगायचा की बोट जरा मोडलंय मास्तर, आणि ते "हां हां" म्हणत बोट सरळ करायचे. असं पावसाळ्यापर्यंत चाललं. मग त्यांनी आपल्या गिटारीच्या तारा पुन्हा उलट्या लावून टाकल्या आणि ती खोलीत नेऊन ठेवली. माझ्या तारा मी बदलू दिल्या नव्हत्या. मला धड येत नव्हतंच. दोन बाजूंनी न येण्यात काय हशील?

पुढच्या उन्हाळ्यात माझी बदली आचोळ्याला झाली. जायच्या दिवशी दुपारी सामान बैलगाडीत चढवलं आणि मास्तरांचा निरोप घ्यायला आत गेलो. मोनीबाय विहिरीवर होती. माजघराचं दार अर्धं उघडं होतं आणि आतून गिटार ऐकू येत होती.

रोजीचं आरशाचं कपाट सासरच्या जिन्यातून चढेना म्हणून माहेरीच राहिलं होतं. त्या कपाटासमोर खुर्ची टाकून मास्तर बसले होते. अंगात तो पांढरा कोट, बटणं गळ्यापर्यंत लावलेली. माझ्याकडे त्यांची पाठ होती. ते हाताकडे बघत नव्हते, आरशात बघत होते. मीही तिथेच पाहिलं. आरशातल्या माणसाने दांडी डाव्या हातात धरली होती आणि उजव्या हाताने तो तारा छेडत होता. त्याचं मोठं छप्पर एका घरातून दुसऱ्या घरात जात होतं, बोटं जराही न मोडता. गॉडफ्री आले असते तरी त्यांना बोट ठेवायला जागा मिळाली नसती.

आरशात मास्तरांची आणि माझी नजर मिळाली. मला वाटलं आता ते दचकतील आणि नेहमीसारखे उठतील. खरं तर मी तिथे असायला नको होतं. त्यांचा हात पुढच्या घरात सरकला. मी दारात उभा राहून ऐकत राहिलो. मास्तर उठले नाहीत.